वळणावर वाळू नव्हती

उत्तम,

परवा तुझ्या शोकसभेत लोक हसले.

मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर, तुझ्या पंक्चरच्या दुकानापुढे ऑटोवाल्यांनी सतरंज्या टाकल्या होत्या. जुन्या टायरांच्या उतरंडीवर पांढरं कापड टाकून त्यावर तुझा फोटो ठेवला होता. तोच, ज्यात तू डावा हात पाठीमागे लपवला आहेस. त्रिशरण झालं, पंचशील झालं, दोघं-तिघं तुझ्याविषयी चांगलं बोलले. मग माझा पुतण्या प्रमोद उठला. माजी सरपंच म्हणून त्याला कुठेही बोलावंच लागतं. "उत्तमकाका म्हंजे दिलदार मानूस," तो म्हणाला. "आता त्यायले पालथा उत्तम काहून म्हनत, हे इथं समद्यायले माहीतच हाय. तरी सांगतो." आणि त्याने ती गोष्ट सांगितली. आमच्या नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तीनचाकी, संत्र्याच्या टोपल्या, नाल्यावरचं वळण, हॅण्डलवर तू, आणि मग पाण्यावर एकामागे एक तरंगत निघालेली संत्री. त्या संत्र्यांपाशी लोक नेहमी हसतात. परवाही हसले. तुझा मिलिंद खाली मान घालून कसनुसा हसला.

मी पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. आणि उत्तम, मीही हसलो.

त्या हसण्याची मला इतकी किळस आली आहे की दोन दिवस मी आरशात बघून दाढी केलेली नाही. तुझ्याविषयी चार गोड शब्द लिहायला मी बसलेलो नाही. ते दुसरे लिहितील. मी चिडलो आहे. माझ्यावर, माझ्या मेलेल्या बापावर, हसणाऱ्या गावावर. थोडा तुझ्यावरसुद्धा, कारण मी खरं बोलावं म्हणून तू पन्नास वर्षं वाट पाहिलीस आणि मी तोंड उघडायच्या आत निघून गेलास. हे मी इथल्या साप्ताहिकाला छापायला देणार आहे. म्हणून तुला माहीत असलेल्या गोष्टीही इथे लिहाव्या लागतील. त्या तुझ्यासाठी नाहीत, बाकीच्यांसाठी आहेत.

तर ती गाडी. पुढे एक चाक, मागे दोन, स्कूटरसारखं हॅण्डल आणि पाठीमागे मालाचा हौदा. गावाने तिला तिपाई नाव ठेवलं. शहरातल्या डांबरी रस्त्यासाठी बनवलेली गाडी नानांनी अकोल्याहून जुनी उचलून आणली आणि थेट पांदणीत, शेताकडच्या कच्च्या वाटेवर, घातली. तेव्हा वाशिम जिल्हा नव्हता, सगळं अकोल्याकडेच जायचं. इंझोरीकडच्या चढावर आमचा वरचा बगीचा होता. तिथे ट्रक जात नसे आणि बैलगाडीने संत्री खाली आणायला अर्धा दिवस मोडायचा. नानांनी आधी दोन ड्रायव्हर ठेवले. एकाने आठव्या दिवशी गाडी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, चढवली. दुसरा म्हणाला, ही गाडी शेताची नाही, आणि निघून गेला. मग कोणीतरी तुझं नाव सांगितलं. अकोल्याच्या गॅरेजात अशाच गाड्यांवर तू हात बसवला होतास, तुझ्याकडे लायसन होतं. नाना दोन दिवस विचार करत होते. गाडीचा विचार नव्हता तो. बौद्धवाड्यातला पोरगा आपल्या गाडीवर बसवायचा का, हा विचार होता. संत्री झाडावर पिकून गळायला लागली तेव्हा तो विचार संपला.

पहिल्या दिवशी तू काय केलंस ते मला अजून दिसतं. गाडी सुरू न करता तू पांदणीत पायी चालत गेलास, वर बगीच्यापर्यंत, आणि पायीच परत आलास. नाना म्हणाले, "पाय मोकळे करून राह्यला का बे?" तू म्हणालास, "रस्ता पाठ करून राह्यलो, मालक."

बैलगाडीच्या चाकांनी पांदणीत दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मधे गवताची उंच पट्टी. आधीचे दोघे पुढचं चाक एका चाकोरीत घालायचे आणि मग गाडी कलली म्हणून रडायचे. तू पुढचं चाक मधल्या पट्टीवर ठेवलंस आणि मागची दोन चाकोऱ्यांच्या आतल्या काठांवर. वीतभर इकडे-तिकडे नाही. पुढच्या चाकावरचा मडगार्ड तू काढून टाकलास, कारण काळ्या मातीचा गारा त्यात भरला की चाक फिरतच नाही. चढावर पुढचं चाक हलकं होतं म्हणून पायापाशी मातीने भरलेली दोन चुंगडी ठेवलीस. आठवडाभरात संत्री दिवसाला तीन खेपांनी खाली यायला लागली. नाना तुला काही बोलले नाहीत. फक्त बैलगाडीचं जू काढून गोठ्यात टांगलं.

मी तेव्हा बी.ए. अर्धवट सोडून घरी बसलेलो. मला ती गाडी शिकायची होती. उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा त्याच्या भेगाळलेल्या तळात तू मला शिकवलंस. आधी काडीने मातीत तीन ठिपके काढलेस आणि ते रेघांनी जोडलेस.

"हे तीन चाकं. ह्या तिघायच्या मधात तुह्यं वजन राह्यलं त गाडी तुही. भाईर गेलं का गाडी मातीची."

"आन हॅण्डल?"

"हॅण्डल निस्तं धराले हाय. गाडी अंगानं चालोव. तू त असा ताठ बसला जसा फोटो काढून राह्यला."

तुझे धडे मला अजून पाठ आहेत. आज ऐंशीकडे झुकलोय, मुलांचे फोन नंबर आठवत नाहीत, पण हे आठवतं. चढ सरळ चढायचा, म्हशीसारखा. बकरीसारखं तिरपं गेलास तर खालच्या अंगाला लोळशील. उतरताना क्लच दाबून गाडी सोडायची नाही, पहिल्या गिअरात तिला कुंथू द्यायचं. नाल्यात उतरताना पुढचं चाक पाण्यात गेलं की रेस सोडायची नाही, मागची दोन अजून यायची आहेत. आणि ब्रेक. "ब्रेक मारायचा त वळनाच्या आंधी मार," तू म्हणायचास. "वळनात मारून काय उपेग? सोयरीक झाल्यावर पोरगी पाहाले गेल्यासारखं हाय ते."

उजव्या वळणाची गोष्ट वेगळी होती. ती मला नीट लिहिली पाहिजे, कारण सगळं तिच्यात आहे. चालवणारा उजव्या अंगाला बसे आणि सोबतचा त्याच्या डावीकडे, अर्ध्या ढुंगणावर. उजवीकडे वळताना ती गाडी डावीकडे पडायला बघते. तेव्हा सोबतच्याने डावीकडे बसून राहायचं नसतं. त्याने सगळं अंग उजवीकडे टाकायचं, चालवणाऱ्यावर रेलायचं, खांद्याला खांदा, बरगडीला बरगडी, मान त्याच्या मानेपलीकडे. दोन माणसांचं एक अंग झालं की उजवं चाक जमीन सोडत नाही.

पहिल्यांदा मी आखडलो. तू ओरडलास, "अबे वसंता, ये ना अंगावर! लाजून काय राह्यला, मी का तुही बायको हाय?"

आपण इतके हसलो की गाडी बंद पडली. तलावाच्या त्या तळात, उन्हात, तुझ्या घामाचा आणि पेट्रोलचा वास येत होता, आणि मी इतका सुखी नंतर फार कमी वेळा झालो. हे मला तुला कधी सांगता आलं नाही. आज सांगतो.

पण यापुढचंही सांगतो. गावाच्या वेशीबाहेर पाण्याची टाकी होती. तिथे आलो की तू गाडी थांबवायचास. कोणी तुला सांगितलं नव्हतं. तू उतरायचास, मागे हौद्यात टोपल्यांवर जाऊन बसायचास, आणि शेवटचा फर्लांगभर रस्ता मी चालवायचो. टाकीच्या पलीकडे, शेताच्या बाजूला, मी वसंता होतो. टाकीच्या अलीकडे, गावात, वसंतराव. शिवारात मी तुझ्या डब्यातली भाकर आणि ठेचा खायचो आणि स्वतःला मोठा सुधारलेला समजायचो. माझी सुधारणा पाण्याच्या टाकीपर्यंत होती. आपण दोघं कधी त्याविषयी बोललो नाही. तू बोलला नाहीस, कारण बोलून तुझं काम गेलं असतं. मी बोललो नाही, कारण मला ते सोयीचं होतं.

आता तो दिवस.

थंडीतली तोडणी चालू होती. अनसिंगचे पाहुणे माझ्यासाठी येणार होते, म्हणजे मुलगा बघायला आणि जमीन बघायला. जमीनच जास्त. नाना त्यांना खालच्या विहिरीवर घेऊन येणार, हे मला सकाळी माहीत होतं. म्हणून त्या दिवशी वरून भरलेली गाडी मी चालवायला घेतली. तू म्हणालास, "भरल्या गाडीनं नाल्याचं वळन तू अजून घेतलं नाही." मी म्हणालो, "आज घेतो." माझ्याकडे लायसन नव्हतं. अक्कल त्याहून कमी होती.

उतार आपण नीट उतरलो. पहिला गिअर, गाडी कुंथत होती, तू माझ्याशेजारी. नाल्याच्या आधी ते उजवं वळण. त्याच्या पलीकडे निवडुंगाचं कुंपण संपतं आणि विहीर दिसते. वरूनच मला निवडुंगावरून पांढऱ्या टोप्या दिसल्या. वळण संपलं की आपण त्यांच्या समोर येणार होतो. तू माझ्या अंगावर रेललेला, तुझा खांदा माझ्या खांद्यात, आणि समोर माझे होणारे सासरे.

मी म्हणालो, "सरक."

तू म्हणालास, "वळन हाय पुढं. वळनाच्या बादमंधी सरकतो."

बरोबर होतं तुझं. पण वळणानंतर म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर. मी पुन्हा म्हणालो, "सरक म्हनलं ना!" आणि तुझ्या बरगडीत कोपर मारलं.

तू सरकलास. डावीकडे, पार कडेला.

मी ताठ बसलो, फोटो काढून घेतल्यासारखा. गाडी वळणात शिरली तेव्हा वेग जास्त वाटला म्हणून मी ब्रेक दाबला. वळणात. उजवं चाक उचललं गेलं. तुला ते माझ्याआधी कळलं. तुला बाहेर उडी मारता आली असती. डावीकडे मोकळा मुरूम होता, तू सहज सुटला असतास. तू उडी मारली नाहीस. तू माझ्याकडे झेपावलास, वजन आत आणायला, मला आणि गाडीला वाचवायला. आणि माझं कोपर तसंच ताठ होतं. तू त्या कोपरावर आदळलास.

मग गाडी डावीकडे पडली. मी तुझ्यावर पडलो, म्हणून मला खरचटलंसुद्धा नाही. तुझा डावा हात खाली होता, केबिनच्या लोखंडी पाइपाखाली.

संत्री नाल्यात गेली. हे प्रमोद बरोबर सांगतो. एवढं एकच तो बरोबर सांगतो.

आवाज ऐकून पाहुणे धावत आले तोवर मी उठून बाजूला उभा होतो. तू हॅण्डलापाशी अडकलेला होतास. नाना दुरूनच ओरडले, "उत्तम्या, काय केलं बे हे?" माझे होणारे सासरे माझ्यापाशी आले. "वसंतराव, तुमाले त काही लागलं नाही?"

मी म्हणालो, "नाही."

एवढाच शब्द. पुढचं सगळं त्यातून निघालं. कोण चालवत होतं, हे मला कोणी विचारलंच नाही, कारण त्यांच्या डोक्यात तो प्रश्नच नव्हता. मालकाचा पोरगा ताठ उभा आहे, बौद्धवाड्यातला पोरगा गाडीखाली आहे. मग गाडी कोणी पालथी केली हे काय विचारायचं? मी तिथे गप्प उभा होतो आणि गप्प उभं राहणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दवाखान्यात पोलीस जमादार आला तेव्हा तू सांगितलंस, "मी चालवत होतो." लोक म्हणतील, केवढं मोठं मन. मला हे ऐकूनच संताप येतो. मोठं मन नव्हतं ते. तुझा बाप आमच्याकडे सालदार होता. आदल्या संध्याकाळी नाना तुझ्या घरी, तुमच्या ओसरीवर जाऊन आले होते. जन्मात पहिल्यांदा. तिथे ते काय बोलले हे मला ठाऊक नाही, पण ते खुशाली विचारायला गेले नव्हते हे नक्की. तू माझ्यासाठी खोटं बोलला नाहीस. तुझ्या बापाचं काम जाऊ नये म्हणून बोललास. मी याला पन्नास वर्षं दोस्ती म्हणत आलो. इतकी निर्लज्ज माझी दोस्ती.

तुझं मनगट वाकडं जुळलं. बोटं मिटेनात. क्लच डाव्या हातात असतो. सरकारी खात्यात ड्रायव्हरच्या जागेसाठी तू अर्ज केला होतास, तो तसाच राहिला. अपघात कोणालाही होतो, हात कोणाचाही जातो, असं मी स्वतःला समजावत आलो. पण खोट्याने काय केलं ते वेगळं आहे, आणि तेच मला आज स्वच्छ लिहायचं आहे. गावात पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा तुमच्या वाड्यातल्या एका पोराने चालवायला मागितला. चावडीवर कोणीतरी म्हणालं, "त्यायच्या हाती मशीन देल्ली का काय होते, उत्तम्याची तिपाई आठवा." सगळे हसले. पुढे वर्षानुवर्षं, थ्रेशर असो, जीप असो, मिलची मोटर असो, तुमच्यातल्या कोणी हात लावायला घेतला की हेच वाक्य. उत्तम्याची तिपाई आठवा. या तालुक्यात तीनचाकी चालवणारा तुझ्यासारखा दुसरा कोणी नव्हता, आणि तुझं नाव लोकांनी तुमच्याच पोरांच्या वाटेत आडवं टाकलं. ते माझ्या एका "नाही"वर उभं होतं. मी त्या चावडीवर होतो. एकदा नाही, कित्येकदा.

आणि मग मी आणखी नीच गोष्ट केली. मी वाळू आणली.

लग्नानंतर सासरी कोणी विषय काढला की मी म्हणायचो, "उत्तमची पुरी चूक नाही हो, वळणावर वाळू होती." मला वाटायचं मी तुझी बाजू घेतोय. लोक म्हणायचे, वसंतराव किती समजूतदार. हळूहळू मला ती वाळू दिसायलासुद्धा लागली. नाल्याची, बारीक, पिवळी.

तू बसस्टँडसमोर दुकान टाकलंस. ट्यूब पायाने दाबून, उजव्या हाताने घासून, वाकड्या हाताने फक्त पाण्याचं घमेलं धरून तू पंक्चर काढायचास. पुढे ऑटो आले. ऑटोवाली ती सगळी पोरं तुझ्याकडेच. मी पलीकडच्या हॉटेलात चहा पीत ऐकायचो, तू त्यांना सांगत असायचास, "मुलायम रस्त्यावर कोनीबी चालवते. खड्ड्यात पुढचं चाक सोडू नोको. वळनात ब्रेक नोको." त्यांच्यातला एखादा चावट म्हणायचा, "काका, तुमी तरी का पालथी केली मंग?" तू फक्त हसायचास आणि माझ्याकडे बघायचास. मी बशीत बघायचो.

दर महिन्याला मी तुझ्या दुकानात येऊन बसायचो, आणि दर महिन्याला आपला तोच वाद. मी सुरुवात करायचो.

"उत्तम, त्या वळनावर वाळू होती बरं."

तू हातातलं काम न थांबवता म्हणायचास, "वाळू नव्हती, वसंता."

"अरे, नाल्याच्या बाजूनं..."

"मुरूम होता. दाबलेला. मी त्याच्यावरून पायी चाललो होतो."

बस्स. यापुढे तू एक अक्षर बोलत नसायचास. 'तू चालवत होतास' असं तू मला तोंडावर एकदाही म्हणाला नाहीस. 'मला सरक म्हणालास' असंही नाही. फक्त माझी वाळू तू कधी घेतली नाहीस. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, एवढं काय आडमुठेपण, मी मधला रस्ता देतोय, तू घे. आता कळतं, तो मधला रस्ता नव्हता. वाळू मान्य केली असतीस तर कोणाचीच चूक राहिली नसती, आणि मी सुटलो असतो. तू मला सुटू दिलं नाहीस. तुझ्याकडे तेवढीच एक गोष्ट होती जी तू माझ्यापासून राखून ठेवू शकत होतास.

शेवटच्या आठवड्यात मी आलो तेव्हा तू पलंगावर भिंतीकडे तोंड करून होतास. श्वास लागला होता. आणि मी काय बोललो? इतक्या वर्षांनी, मरत्या माणसापाशी? मी म्हणालो, "उत्तम, मनात काही ठेवू नको. ते वाळूचं..."

तू मान न वळवता म्हणालास, "वाळू नव्हती."

आपल्यातलं ते शेवटचं बोलणं.

तुला नेताना मिलिंदने मला थोडा वेळ खांदा देऊ दिला. स्मशानाच्या रस्त्याला एक उजवं वळण आहे. तिथे माझं अंग आपोआप उजवीकडे झुकलं, तू शिकवलंस तसं. माझ्या मागच्या माणसाला वाटलं म्हाताऱ्याला झेपत नाही. त्याने मला बाजूला घेतलं.

काल, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, मी तुझ्या घरी यशोदावहिनींकडे गेलो. म्हटलं, "वहिनी, मले एक सांगायचं हाय. त्या दिवशी गाडीवर..."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. "लग्नाच्या पयल्याच हप्त्यात सांगतलं त्यायनं."

"मंग तुमी इतके वर्ष काहून नाही बोलल्या?"

"मी कायले बोलू, भाऊजी? चूक तुमची, तोंडबी तुमचंच."

मी म्हणालो, तुझ्या जलदान विधीला तुमचे लोक जमतील त्या दिवशी मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. "आमच्या लोकायले काय सांगता? आमच्यात समद्यायले माहीत हाय. लेकरायलेबी माहीत हाय. मिलिंदले शाळेत चिडवत तवापासून माहीत हाय." मग सूप पुन्हा उचलत म्हणाल्या, "जिथं हासले, तिथं सांगा."

तेव्हा मला कळलं की अख्ख्या बौद्धवाड्याला खरं माहीत होतं. फक्त आमच्या बाजूला माहीत नव्हतं. परवा मिलिंद खरं माहीत असून हसला, कारण बोलणारा माझा पुतण्या होता आणि समोर खुर्चीवर मी होतो.

घरी येऊन मी सुमनला सांगितलं. अनसिंगच्या त्या पाहुण्यांची मुलगी म्हणजे माझी बायको. तुला ती नेहमी "उत्तमभाऊ" म्हणायची. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे माह्या बापाले दाखवाले तुमी त्यायले ढकललं. आन मी इतके वर्ष त्यायच्या हाताले पाहून हळहळत होती, तुमच्या शेजारी बसून." तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. ठीक आहे. तिने बोलू नये.

आज सकाळी मी त्या हॉटेलात गेलो. प्रमोद होता, त्याची दहा-बारा माणसं होती, तिघं-चौघं ऑटोवाले होते. समोर तुझं बंद दुकान. मी बसलो नाही. उभा राहून सांगितलं. गाडी मी चालवत होतो, लायसन माझ्याकडे नव्हतं, पाहुण्यांना दिसू नये म्हणून मी त्याला सरक म्हणालो, तो वळणानंतर सरकतो म्हणाला, मी कोपर मारलं. पालथी मी केली. उत्तमने नाही. यापुढे ती गोष्ट सांगायची तर माझं नाव घालून सांगा.

एक ऑटोवाला उठून बाहेर गेला आणि तुझ्या शटरपाशी जाऊन उभा राहिला. बाकीचे माझ्याकडे बघत नव्हते, प्रमोदकडे बघत होते.

प्रमोदने मला हाताला धरून बसवायचा प्रयत्न केला. तो वाईट मुलगा नाही. त्याला माझी लाज वाचवायची होती. हळू आवाजात, समजुतीने म्हणाला, "काका, झालं ते झालं. इतकं मनाले लावून घेऊ नका. आन तुमीच त लहानपनापासून सांगत होते ना आमाले, वळनावर वाळू होती म्हनून? मंग हॅण्डलवर तुमी असा नाही त उत्तमकाका. वाळूवर कोनाचीबी गाडी गेली असती."

माझीच वाळू. माझ्याच घरात वाढलेली. त्याने ती मला परत दिली, आणि सगळे मान हलवायला तयार बसले होते. मी नुसतं गप्प राहिलो असतो तरी पुरलं असतं. गप्प राहणं मला येतं.

मी हात सोडवून घेतला.

"वाळू नव्हती," मी म्हणालो. "मुरूम होता. दाबलेला. उत्तम त्याच्यावरून पायी चालला होता."